बाटली कोणत्या बाजूला फुटली?

दर वर्षी विज्ञान दिनाच्या आसपास मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज येऊन पडतात. एकात लिहिलेले असते की अणूचा शोध कणाद ऋषींनी लावला आणि पाश्चात्त्यांनी तो आपल्या नावावर खपवला. दुसऱ्यात असते की कुरआनात ‘ज़र्रा’ हा शब्द आहे, ज़र्रा म्हणजे ॲटम, तेव्हा चौदाशे वर्षांपूर्वीच सगळे सांगून झाले आहे. पाठवणारे वेगवेगळ्या गटांतले. पण मजकूर एकाच साच्यातून काढल्यासारखा. पहिल्या मेसेजला उत्तर देणारे बरेच आहेत. दुसऱ्याबद्दल आपणच, म्हणजे मुसलमानांनीच, काही बोलले पाहिजे असे मला वाटते. कारण त्या मेसेजमुळे जी गोष्ट झाकली जाते, ती त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी आणि मजेची आहे.

आधी शब्दाचे पाहू. जुन्या मुफस्सिरांनी ज़र्रा या शब्दाचे अर्थ दिले आहेत ते असे : अगदी लहान मुंगी, किंवा झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसतो तो धुळीचा कण. थोड्यात थोडे, एवढाच त्याचा रोख. आजच्या अरबीत ॲटमला ज़र्रा म्हणतात हे खरे, पण तो आधुनिक वापर आहे. आणि ज्यांनी खरोखर अविभाज्य कणाचा सिद्धांत मांडला, त्या मुसलमान पंडितांनी त्यासाठी ज़र्रा हा शब्द घेतलाच नाही. ते म्हणत ‘जुज़’, म्हणजे भाग. असा भाग की ज्याचे आणखी भाग होत नाहीत. किंवा ‘जौहर फर्द’, सुटे एकटे द्रव्य. गंमत अशी की तो ज़र्रा आपल्या मराठीत कधीच येऊन राहिला आहे. ‘जरा थांब’, ‘जरासे मीठ घाल’ म्हणताना आपण त्याच शब्दाने बोलतो. वैशेषिकांच्या परंपरेतही परमाणूंपासून बनलेला, डोळ्यांना दिसणारा सर्वांत लहान कण कोणता, तर उन्हाच्या तिरिपेतली धूळ. सगळ्या जगाने बारीकपणाची कल्पना त्याच उजेडाच्या पट्ट्यात बसून केलेली दिसते. चोरीचा आरोप कोणी कोणावर करायचा?

आता तो सिद्धांत. नवव्या शतकातल्या बसरा आणि बगदाद शहरांत ‘इल्मे-कलाम’ नावाचे शास्त्र भरात होते. ईश्वर, सृष्टी, माणसाची मोकळीक यांवर तर्काने वाद घालणारे ते लोक, मुतकल्लिम. त्यांच्यातला अबुल हुझैल अल्लाफ म्हणे की प्रत्येक वस्तू तोडत गेले तर शेवटी असा कण येतो की तो तुटत नाही. त्याचाच भाचा आणि शिष्य नज़्ज़ाम म्हणे, छे, तोडणे संपतच नाही. मग मामाने विचारले, समज एक मुंगी चपलेच्या तळव्यावर या टोकाकडून त्या टोकाकडे चालली. तळव्याचे अनंत भाग असतील, तर ती अनंत भाग ओलांडून पलीकडे पोहोचणार कधी? नज़्ज़ामने उत्तर दिले की मुंगी मधले काही भाग उडी मारून ओलांडते. या ‘उडी’ची चेष्टा पुढे शतकानुशतके चालली. एक शरीर, म्हणजे लांबी-रुंदी-उंची असलेली वस्तू, बनायला कमीत कमी किती कण लागतात यावरही वाद झाले. अबुल हुझैल सहा म्हणे, मुअम्मर आठ. ही सगळी मते इमाम अश्अरींनी आपल्या ‘मकालातुल इस्लामिय्यीन’ या ग्रंथात एकाखाली एक नोंदवून ठेवली आहेत, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

अश्अरी स्वतः आणि त्यांच्यामागून बाकिल्लानी यांनी हाच कणवाद सुन्नी विचाराचा पाया केला. कण स्वतःहून काही करत नाही, त्याचा रंग, उष्णता, हालचाल हे गुण एका क्षणापलीकडे टिकत नाहीत, आणि अल्लाह ते क्षणोक्षणी नव्याने निर्माण करतो, असे त्यांचे म्हणणे. कणांना हलायला जागा हवी, म्हणून त्यांतल्या बहुतेकांनी पोकळीही मान्य केली. पुढे या सगळ्या मताचा सर्वांत गाजलेला गोषवारा लिहिला तो एका ज्यू विद्वानाने, मूसा इब्ने मैमून याने, बारा कलमांत. आणि तोही खोडून काढण्यासाठी.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. हा कणवाद बुद्धीचा खेळ म्हणून थक्क करणारा आहे. पण पाणी थंडीत दगडासारखे घट्ट का होते, चुलीवर ठेवले की कुठे नाहीसे होते, असल्या प्रश्नांसाठी तो जन्मलाच नव्हता. शाळेच्या पुस्तकात तीन चौकोन असतात. पहिल्यात ठिपके दाटीवाटीने रांगेत, ते स्थायू. दुसऱ्यात ठिपके एकमेकांना चिकटून पण विस्कटलेले, ते द्रव. तिसऱ्यात चारच ठिपके, दूर दूर, ते वायू. मुलाला हे पाच मिनिटांत कळते. बसऱ्याच्या पंडितांना कण माहीत होता, पोकळी माहीत होती, तरी हे तीन चौकोन त्यांनी काढले नाहीत. ते ईश्वराचे सामर्थ्य सिद्ध करत होते, बर्फ पाहत नव्हते. याबद्दल त्यांना कमी लेखायचे कारण नाही. त्यांचे काम वेगळे होते, एवढेच.

बर्फ पाहणारा माणूस दुसराच होता, आणि तो मुतकल्लिमही नव्हता आणि त्यांचा चाहताही नव्हता.

अबू रैहान अल-बिरूनी. जन्म ९७३, ख्वारिज़्म, म्हणजे अरल समुद्राच्या दक्षिणेचा प्रदेश, आजचा उझबेकिस्तानचा भाग. तिथे हिवाळ्यात नदी गोठते. इसवी सन १०००च्या सुमारास त्याने बुखाऱ्याकडच्या एका तरुणाला अठरा प्रश्न लिहून पाठवले. तो तरुण म्हणजे अबू अली इब्ने सीना, वय विशीच्या आत-बाहेर, आणि तरीही ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान त्याला मुखोद्गत. अठरांपैकी दहा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथावर होते, आठ बिरूनीचे स्वतःचे. हा सवाल-जवाब अरबीत शिल्लक आहे आणि वाचताना आपण दोन हुशार, थोड्या तापट माणसांच्या मध्ये बसलो आहोत असे वाटते.

त्या काळातल्या शहाण्यांचे मत असे होते : जग पृथ्वी, पाणी, हवा, अग्नी या चार तत्त्वांचे आहे. पाणी सलग आहे, त्यात कण नाहीत आणि पोकळी तर सृष्टीत कुठेच नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा ते मूळ द्रव्य पाण्याचे रूप टाकते आणि हवेचे रूप घेते. ॲरिस्टॉटल हे म्हणाला होता, म्हणून ते पक्के.

बिरूनीने विचारले, पाणी वर जाऊन हवेत मिसळते तेव्हा ते खरोखरच हवा बनते का? की त्याचे भाग इतके विखुरतात, एकमेकांपासून इतके दूर जातात की डोळ्यांना दिसेनासे होतात?

हा प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचला. शाळेच्या पुस्तकातला तिसरा चौकोन तो हाच. बिरूनीने तो उत्तर म्हणून दिलेला नाही, दोन शक्यतांपैकी एक म्हणून पुढे ठेवला आहे. इब्ने सीनाने ती शक्यता नाकारली. विखुरणे नव्हे, रूप बदलणे, असे त्याचे उत्तर. आज आपल्याला माहीत आहे की एक लिटर पाण्याची उकळत्या तापमानाला वाफ केली तर ती साधारण १,७०० लिटर जागा घेते. रेणू तेवढाच राहतो, फुगत नाही; दोन रेणूंमधले सरासरी अंतर सुमारे बारा पट होते. बारा गुणिले बारा गुणिले बारा करून पाहा, १,७२८ येतात.

कणांबद्दलचा प्रश्नही त्या अठरांत आहे. ॲरिस्टॉटल कणवाद्यांना मूर्खात का काढतो, असे बिरूनी विचारतो. त्यांच्या मतात अडचणी आहेत हे त्यालाही मान्य. पण अनंत तुकडे मानणाऱ्यांच्या मतात कमी अडचणी आहेत का? तसे असेल तर पुढे असलेल्या सावकाश चालणाऱ्याला मागून येणारा वेगवान कधीच गाठू शकणार नाही. आणि चंद्र तर सूर्याला गाठतो, हे आपण पाहतोच. चपलेवरची मुंगी आता आकाशात गेली. इब्ने सीनाचे उत्तर कसलेल्या तर्कपंडिताचे होते. अनंत भाग प्रत्यक्षात केलेले नसतात, फक्त करता येण्याजोगे असतात, म्हणून ओलांडायला अनंत काही नसतेच. तर्क म्हणून उत्तर चांगले आहे, मला आजही ते आवडते. बिरूनीचे मात्र त्याने समाधान झालेले दिसत नाही.

आणि मग बाटलीचा प्रश्न. तापल्यावर वस्तू पसरतात, थंड झाल्यावर आक्रसतात, हे सगळ्यांना मान्य. मग काचेच्या कुपीत पाणी भरून तोंड बंद केले आणि ते गोठले, तर कुपी फुटते का? आक्रसणाऱ्या वस्तूने भांडे फुटायचे काही कारण नाही. त्याच्याच जोडीला, बर्फ पाण्यापेक्षा जास्त थंड आणि घट्ट, म्हणजे मातीच्या अधिक जवळचा. तर मग तो पाण्यावर तरंगतो का?

इब्ने सीनाने सांगितले की गोठताना आतले आक्रसते, आत पोकळी होऊ पाहते, पण निसर्गात पोकळी अशक्य. म्हणून ती होऊ नये यासाठी कुपी फुटते. बर्फ तरंगतो तो गोठताना त्याच्यात हवा अडकून राहते म्हणून. दोन्ही उत्तरे ऐकायला बिनतोड. ॲरिस्टॉटलच्या चौकटीत बसूनच द्यायची तर यापेक्षा चांगली देता आली नसती.

बिरूनीने उलट लिहिले ते साधारण असे : कुपी आतल्या बाजूला मोडली असती तर तुमचे म्हणणे पटले असते. पण मी पाहिले आहे. ती बाहेरच्या बाजूला फुटते, आतल्याला जागा अपुरी पडावी तशी.

या उत्तरात एकही सिद्धांत नाही, कोणाचा हवाला नाही. फुटलेल्या काचेचे तुकडे कोणीकडे गेले आहेत तेवढे पाहिले आहे. पोकळी शक्य की अशक्य यावर दोघे आयुष्यभर वाद घालू शकले असते. इथे तुकड्यांनी एका बाजूने साक्ष दिली. गझनीला जाण्याआधीचा, तिशीही न गाठलेला हा माणूस गोठलेली कुपी हातात घेऊन वाकून बघतो आहे, हे चित्र मला आपल्या इतिहासातल्या कितीतरी घोडेस्वारांच्या चित्रांपेक्षा जास्त अभिमानाचे वाटते. मेसेज करायचाच तर हा करा.

न्याय म्हणून हेही सांगतो की प्रत्येक वेळी बिरूनीच सरस होता असे नाही. कुपीतली हवा तोंडाने ओढून ती पाण्यात उपडी धरली तर पाणी वर चढते. मग आत पोकळी झाली होती ना, असा त्याचा आणखी एक प्रश्न होता. इब्ने सीनाने सांगितले की ओढल्यामुळे उरलेली हवा ताणली जाते, पाण्याच्या गारव्याने ती पुन्हा आक्रसते आणि तिच्यामागून पाणी येते. हवा विरळ आणि दाट होऊ शकते हे त्याने अचूक पकडले होते. वादाची दुसरी फेरी चिडचिडीची झाली. इब्ने सीनाने स्वतः उत्तर न देता आपला शिष्य मासूमी याला पुढे केले, आणि मासूमीने आधी बिरूनीला बोलण्याच्या रीतीवरून सुनावले. ज्ञानी माणसाशी जरा बऱ्या शब्दांत बोलावे, असा सूर.

बर्फाचे खरे कारण कळायला मात्र पुढची नऊशे वर्षे जायची होती. बिरूनीचा नियम, थंड झाले की आक्रसते, बहुतेक वस्तूंना लागू आहे. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजते तेव्हा वरच्या बाजूला खळगा पडलेला दिसतो. वितळत्या तुपात घट्ट गोळा तळाला जातो. पाणीही चार अंश सेल्सिअसपर्यंत निमूटपणे आक्रसते आणि तिथून उलटे वागू लागते. गोठताना ते सुमारे नऊ टक्के वाढते. शंभर घोट पाण्याच्या कुपीत एकशेनऊ घोट बर्फ बसवायचा म्हटल्यावर काच काय करणार?

असे का होते ते पाण्याच्या रेणूच्या स्वभावात आहे. बर्फात प्रत्येक रेणू आपल्या चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात धरून राहतो. त्यातून सहा-सहा रेणूंची कडी तयार होतात आणि प्रत्येक कड्याच्या आत जागा रिकामी राहते. लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी हात लांब करून गोल धरले तर माणसे कमी मावतात, तसे. बर्फ वितळला की काही हात सुटतात, माणसे मधल्या रिकाम्या जागेत घुसतात, आणि तेच रेणू कमी जागेत मावतात. म्हणजे शाळेतल्या तीन चौकोनांतला पहिला, दाटीवाटीचा चौकोन पाण्याच्या बाबतीत खोटा आहे. बर्फाचा ठिपक्यांचा चौकोन द्रवाच्या चौकोनापेक्षा मोकळा काढायला हवा. मुलांना हे सांगणारे शिक्षक मला फार थोडे भेटले.

म्हणजे कुपी फोडणारी वस्तू हवा नव्हती; पाण्याच्या कणांची रचना होती, आणि त्या रचनेत खरोखरच पोकळी होती. जी पोकळी इब्ने सीना अशक्य मानत होता तिच्यामुळेच बर्फ तरंगतो.

पुढे काय झाले? इब्ने सीनाचा वैद्यकावरचा ‘कानून’ बाराव्या शतकात टोलेडोमध्ये लॅटिनमध्ये उतरला, त्याचे तत्त्वज्ञानही गेले, आणि युरोपातल्या विद्यापीठांनी त्याला शतकानुशतके गुरू मानले. बिरूनी मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला नाही. अर्थात पोकळी नाकारणारा पक्ष प्रवासाला निघाला आणि फुटलेली कुपी घरीच राहिली. बर्फ म्हणजे दाट नव्हे, विरळ झालेले पाणी, हे तिथे १६१२ साली गॅलिलिओला ॲरिस्टॉटलच्या अनुयायांशी भांडून नव्याने म्हणावे लागले. तो तिथे आपल्या वाटेने पोहोचला. फ्लॉरेन्सच्या विद्वानांनी धातूचे पोकळ गोळे पाण्याने भरून गोठवून फोडले. टॉरिसेलीने १६४३मध्ये पाऱ्याच्या नळीत वर रिकामी जागा दाखवली. आणि कण आहेत की नाहीत हा चपलेवरच्या मुंगीचा वाद? तो तर विसाव्या शतकापर्यंत चालला. १८२७ साली ब्राऊनला सूक्ष्मदर्शकाखाली परागातले कण पाण्यात सतत थरथरताना दिसले, १९०५मध्ये आइनस्टाइनने ही थरथर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांची आहे असे गणित मांडले, आणि ज्याँ पेरँने पाण्यात तरंगणारे राळेचे बारीक गोळे उंचीप्रमाणे मोजून ते गणित पडताळले. कण मानायला तयार नसलेल्या ओस्टवाल्डसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने १९०९मध्ये हार पत्करली.

आपल्याकडे या इतिहासाची एक ठरलेली कथा सांगितली जाते की इमाम गझालींनी तत्त्वज्ञांवर हल्ला केला आणि मुसलमानांचे विज्ञान आटले. आग कापसाला जाळते हे आपण पाहतो, पण आगीमुळेच तो जळतो हे पाहत नाही, असा गझालींचा युक्तिवाद होता, आणि तो कणवादाच्या त्याच अश्अरी घराण्यातला. पण त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, ११२१मध्ये, ख़ाज़िनीने ‘मीज़ानुल हिकमा’ हा तराजूंवरचा जाडजूड ग्रंथ लिहिलाच. एका पुस्तकाने एक संस्कृती थांबते, हे मला कधी पटलेले नाही.

ख़ाज़िनीच्या त्या ग्रंथात बिरूनी पुन्हा भेटतो. दरम्यान १०१७ साली महमूदाने ख्वारिज़्म जिंकले आणि बिरूनीला गझनीला नेले. इब्ने सीना त्याआधीच पश्चिमेला निसटला होता. बिरूनी संस्कृत शिकला, हिंदुस्थानावर ‘किताबुल हिंद’ लिहिली. तिच्यात नर्मदेकडून दक्षिणेला येणाऱ्या वाटेवर ‘मऱ्हट्टदेश’ आहे, आणि पुढे कोकण, ज्याची राजधानी समुद्रकाठचे ठाणे. या धामधुमीत केव्हातरी त्याने एक शंकूच्या आकाराचे भांडे बनवले, निमुळत्या मानेचे, बाजूला बारीक नळी असलेले. ते नळीच्या तोंडापर्यंत पाण्याने भरायचे, आत तोलून घेतलेला सोन्याचा किंवा माणकाचा तुकडा सोडायचा, आणि नळीतून ओसंडून पडलेले पाणी तराजूत घालायचे. अशा रीतीने त्याने काढलेले धातूंचे आणि रत्नांचे आकडे आजच्या आकड्यांच्या अगदी जवळचे आहेत. नळी बारीक आहे, म्हणून पाण्याचा थेंब तिच्या तोंडाशी चिकटून बसतो आणि वजन चुकते, हेही त्याच्या लक्षात आले होते.